दार उघडायची वेळ

३ तारीख
लेकीला आपण होऊन फोन करायचा नाही. ठरलं. नववा लागलाय, गरज तिला आहे. जावयाला मी ऐदी म्हटलं त्यात काय चुकलं? दहाला उठतो.

५ तारीख
लॅबमध्ये बाटल्या घासता घासता मॅडमना विचारलं, त्या जंतूंपुढे घड्याळ लावून काय बसता. म्हणाल्या, मावशी, ही जात बाहेर पडलेला डीएनए आत ओढून घेते. मेलेल्या भाईबंदांचे तुकडे. पण येता-जाता नाही. खायचे वांधे झाले, गर्दी वाढली, की एकमेकांना इशारा देतात आणि मगच दार उघडतात.
बघा. अडल्याशिवाय कोण कोणाचं घेतं. म्हणजे शास्त्रसुद्धा माझ्याच बाजूचं. थांबायचं.

९ तारीख
आईच्या जुन्या चादरी फाडून सहा दुपटी शिवली. बाळासाठी वगैरे नाही. कापड पडून होतं.

१२ तारीख, दुपार
लेकीचे तीन मिस्ड कॉल. फोन हातातच होता. उचलला नाही. अजून थोडी अडू दे, म्हणजे नीट ऐकेल.
आणखी दोन दुपटी झाली.

१४ तारीख
फोन नाही. तिकडे रेंज नसेल.

१६ तारीख
मॅडम वैतागलेल्या. डीएनए घालायला उशीर झाला, सगळं फुकट. म्हटलं, मग आता घाला की. म्हणाल्या, मावशी, दार अर्धाच तास उघडं असतं. मग आपलं आपणच लावून घेतात. वरून कितीही ओता, ढुंकून बघत नाहीत.
म्हटलं, जंतूच ते. माणसाचं वेगळं असतं.

१७ तारीख
सहज फोन लावला. विहीणबाईंनी उचलला. मुलगी झाली, बारा तारखेलाच, संध्याकाळी. फार अवघड गेलं म्हणे. दुपारभर आई आई करत होती. आता झोपलीये.
म्हटलं, निघतेच मी. थांबा म्हणाल्या, आत जाऊन आल्या. झोपलेल्या माणसाला विचारून येता येतं वाटतं. म्हणाल्या, तुम्ही कशाला दगदग करता, आम्ही आहोत ना.
मी म्हटलं, बरं झालं, मलाही सुट्टी नाहीच.

१८ तारीख
दुपटी लॅबमध्ये नेली. हल्ली बाळांना जुनं कापड चालत नाही. बाटल्या छान पुसल्या जातात. मॅडम म्हणाल्या, मावशी, डोळे का लाल. साबण, म्हटलं.
सातच नेली. एक उशीखाली राहिलं. चुकून.