दाराच्या फटीतली पट्टी

११ फेब्रुवारी

अर्ज भरला. तिसऱ्यांदा. आणि शेवटचा! आता आपटले तर पुढची काही वर्षं परीक्षेला बसूच देत नाहीत.

परीक्षा जैवसुरक्षा अधिकारी व्हायची – नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! वर्षानुवर्षं क्षयाच्या जंतूंबरोबर काम करतेय, हात कधी थरथरला नाही. पण परीक्षेच्या पडद्यासमोर बसले की दातखीळ बसते. ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा.’ अरे, मला चारही योग्य दिसतात!

साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आता सगळी मदार तुमच्यावर, बाई." जुने सर निवृत्त झाले. परीक्षा पास झालेला अधिकारी नसेल तर जंतुखोली चालवायची परवानगी नाही. मे महिन्यात तपासणीवाले येणार. तोवर मी पास झाले नाही तर खोलीला टाळं, आणि मला, बडबडीला, माझ्या नवऱ्याला नारळ! बडबडी माझ्याबरोबर आत काम करते, तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून बडबडी. नवरा बाहेर पॅसेजमध्ये भट्टी सांभाळतो. आतून आलेला सगळा कचरा वाफेवर शिजवून निर्जंतुक करायचा. अख्खी प्रयोगशाळा त्याला भट्टीमास्तर म्हणते. घरातल्या दोन्ही नोकऱ्या एकाच दोरीला टांगलेल्या, आणि दोरी दोनदा नापास झालेल्या बाईच्या हातात.

१५ फेब्रुवारी

कायद्याचं प्रकरण. चौथ्या पानावर पोचले तेव्हा पहिलं विसरले होते.

२० फेब्रुवारी

सासूबाईंनी माझी शिकवणी घ्यायची ठरवलंय. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे समोर कोणीतरी बाकावर बसलेलं लागतंच. चष्मा लावून प्रश्न वाचतात, त्यातलं अक्षर कळत नाही, पण पर्यायांना असा हेल काढतात की चुकीचाही गोड वाटतो. मी चुकले की चष्म्यावरून बघतात. "अगं, आत्ता तर वाचलंस!" नवरा आतून ओरडतो, "आई, अंगठे धरायला लाव तिला!"

आज हवेच्या प्रकरणावर मात्र मी भाव खाल्ला. एवढं एक प्रकरण मला न वाचता येतं. जंतुखोलीतली हवा मोटारीने सतत खेचायची, गाळून छतावर सोडायची. मग पॅसेजमधली हवा दाराच्या फटीतून आत जात राहते, आतली बाहेर येऊ शकत नाही. खात्री म्हणून जुन्या सरांनी दाराच्या फटीत पातळ कागदाची पट्टी लावलीय. पट्टी आत वळलेली दिसली की कामाला लागायचं. रोज सकाळी मीच बघते.

सासूबाईंनी वही मिटली आणि विचारलं, "आपला हा बसतो, ती जागा आत की बाहेर?"

"बाहेर, आई."

"मग बरं," म्हणाल्या.

६ मार्च

सराव परीक्षा. नापास. काठावर वगैरे नाही, चांगली सणसणीत!

९ मार्च

नवरा म्हणतो, "तू पास हो, मी घरातसुद्धा साहेब म्हणेन तुला." त्याचं कंत्राट जूनमध्ये संपतं. तो हसत बोलतो तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

१२ मार्च

काय लिहू?

भट्टीपाशी उकडतं म्हणून नवऱ्याने पॅसेजमध्ये एक उभा पंखा ठेवलाय, बारा महिने चालू. आज तो जळाला. मी काम संपवून बाहेर आले तर हा पुठ्ठ्याने वारा घेत बसलेला. सहज दाराकडे बघितलं. पट्टी बाहेर! आत नाही – बाहेर, पॅसेजकडे, ह्याच्या स्टुलाकडे फडफडत होती.

ऑफिसातला पंखा उचलून आणला. लावला, पट्टी आत गेली. बंद केला, पट्टी बाहेर आली. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. नवरा म्हणाला, "खेळतेयस काय पोरीसारखी?"

पट्टी आत जात होती ती त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने! मोटार नुसती घरघरतेय, कधीपासून खेचत नाहीये देव जाणे. एसीच्या झोताने आतली हवा बाहेरच येतेय. आत आम्ही मास्क घालतो, अंगभर झगा घालतो, काचेच्या कपाटात हात घालून काम करतो. बाहेर तो बनियनवर बसतो आणि गाणी म्हणतो.

आणि हे एक प्रकरण मला न वाचता येत होतं!

१३ मार्च

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. मोटार बदलायची तर छत उघडावं लागेल, काही महिने खोली बंद. बंद खोली तपासणीला दाखवता येत नाही. तपासणी चुकली की परवाना गेला, आणि एकदा गेलेला परवाना छोट्या प्रयोगशाळेला परत मिळत नाही. "मे होऊन जाऊ दे. जूनमध्ये मी स्वतः छत उघडतो. तुम्ही परीक्षेवर लक्ष द्या, बाई."

"पण माझा नवरा तिथे बसतो, साहेब."

"मी पण त्याच पॅसेजमधून जातो," ते म्हणाले. खरंच जातात.

१४ मार्च

जुन्या सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंखा कधी आणला त्याने?"

"दोन उन्हाळे झाले, सर."

"पोरी, मी दर वर्षी त्या पट्टीकडे बघून सही करत आलो गं." मीच फोन ठेवला. आधार मागायला गेले आणि त्यांचा जीव टांगणीला लावून आले.

१६ मार्च

नवऱ्याशी भांडण. म्हटलं, स्टूल जिन्यात घे. म्हणतो, भट्टीचा काटा बघत बसावं लागतं, जिन्यातून काय दुर्बिणीने बघू? मास्क दिला. गळ्यात घालतो, हारासारखा. "इतके दिवस काही झालं नाही, आता काय होतंय!" मग हळूच म्हणाला, "हे बघ, तू पास हो आणि गप्प बस. दोनच महिने. आपली चूल दोन ठिकाणी पेटत नाही, एकाच ठिकाणी पेटते."

तो मूर्ख नाही. त्याला सगळं कळतंय. ह्याचंच जास्त वाईट वाटतं.

१८ मार्च

फटीतली पट्टी गेली. कोणी काढली विचारलं. कोणालाच माहीत नाही.

२१ मार्च

नवऱ्याला ओढत नेऊन छातीचा फोटो काढला. स्वच्छ. तो मिशीत हसला. फोटो आजचं सांगतो, उद्याचं सांगत नाही. हे मी पाठ केलंय. पान कोणतं तेही आठवतं, फक्त परीक्षेत आठवत नाही.

२५ मार्च

नमुने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात आज नळी फुटली. अशा वेळी काय करायचं हे सासूबाईंनासुद्धा पाठ झालंय. श्वास रोखायचा, बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं, तासभर कोणी आत जायचं नाही. तोवर मोटार आतली हवा खेचून टाकते.

आम्ही तस्संच केलं. दार ओढलं, बडबडीने मास्क खाली केला. "सुटलो गं बाई! आता तासभर आराम–" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोटार खेचत नाहीये! आम्ही नियमाने वागून बरोबर तिथे उभ्या होतो जिथे ती हवा येत होती. आणि पुढ्यात स्टुलावर नवरा!

मी किंचाळले. "जिन्यात चला! सगळे!" बडबडीला ढकललं, नवऱ्याला दंडाला धरून फरफटत नेलं. साहेब धावत आले. "काय तमाशा चाललाय?" त्यांच्या तोंडावर सांगितलं, हवा बाहेर येतेय. त्यांनी जिन्याकडे जमलेल्या लोकांकडे बघितलं आणि म्हणाले, "परीक्षेचा ताण आलाय बाईंना."

लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने नवरा हसला. मग भट्टी चालू आहे म्हणून परत गेला – तिथेच! मी अडवलं तर हात झटकून टाकला. "काटा कोण बघणार? तुझा बाप?"

घरी येऊन जेवला नाही. "चारचौघांत माझं माकड केलंस." मी पण जेवले नाही. सासूबाईंनी दोघांची ताटं झाकून ठेवली.

२९ मार्च

एक विचार मनातून जात नाही. लिहूनच टाकते.

नापास झाले तर खोली आपोआप बंद. शिव्या खाईन, पण बंद माझ्या हाताने होणार नाही. पास झाले तर अधिकारी मी. मग ती चालू ठेवली तर मी ठेवली, बंद केली तर मी केली. आजवर नापास व्हायला मेहनत लागली नव्हती. आता मुद्दाम चार उत्तरं चुकवली की काम झालं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या जागेत बसून मी वायुवीजनाची गणितं सोडवतेय!

अभ्यास चालूच आहे. का, ते विचारू नये.

४ एप्रिल

परीक्षा झाली. दातखीळ बसली नाही. भीती दुसरीकडेच गुंतलेली होती, परीक्षेला काही उरलीच नाही!

एक प्रश्न आला. धोका स्पष्ट आहे, वरिष्ठ म्हणतात थांबा, सोयीच्या वेळी बघू. सर्वांत योग्य कृती कोणती? लेखी नोंद करा, समितीकडे जा, सहकाऱ्यांना सावध करा, काम ताबडतोब थांबवा. मी लगेच शेवटच्यावर खूण केली. पडद्यावर खूण करायला काय जातं! नुसतं बोट हलवायचं. बाहेर आले, फुटपाथवर उभी राहिले आणि रडू आलं. एक बाई म्हणाली, "अवघड होता का पेपर?" मी म्हटलं, नाही, सोपा होता.

११ एप्रिल

निकाल नाही. काम चालू. मी आत, तो बाहेर. पॅसेज ओलांडताना त्याच्याकडे बघायचं टाळते.

१७ एप्रिल

परीक्षा संपली तरी सासूबाई वही घेऊन बसतात. सवय लागलीय. आज वही उघडलीच नाही. "मला एवढंच सांग," म्हणाल्या, "बाहेरची जागा चांगली ना गं?"

"हो, आई."

किती सहज निघालं तोंडातून! मग भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

२८ एप्रिल

पास!

मी, पास! तीनदा वाचलं. नवऱ्याने मला उचललं – ह्या वयात! – आणि त्याची कंबर धरली. सासूबाई सगळ्या शेजारणींना सांगून आल्या, "आमची सून अधिकारी झाली." कसली, ते त्यांना सांगता आलं नाही, पण अधिकारी. बडबडी फोनवर रडली. "ताई, वाचवलंस गं आम्हाला." बडबडी दोन वाक्यांत फोन ठेवते म्हणजे काय समजायचं ते समजा.

मलाही आनंद झाला. खोटं कशाला लिहू? झोप लागेपर्यंत आनंदच होता.

३० एप्रिल

पॅसेजमध्ये नवा कोरा पंखा आलाय. साहेबांनी मागवला, माझ्या नवऱ्याने जोडला. फटीत नवी पट्टी पण आलीय. मस्त आत वळलेली.

कोणीच काही बोलत नाही. बोलण्यासारखं नाहीच मुळी! पंखा आहे, उन्हाळा आहे, भट्टीपाशी उकडतं. जूनमध्ये छत उघडणार आहेत का, ते साहेबांना विचारलं. म्हणाले, "बघू. तपासणी तर होऊ दे."

जूनमध्ये काहीही होणार नाही. एवढं मला आज कळलं.

३ मे

साहेबांनी तपासणीची फाइल समोर ठेवली. ‘हवेची दिशा समाधानकारक’, आणि खाली माझ्यासाठी रिकामी जागा. उद्या करते म्हटलं. "उद्याच करा, बाई, परवा ते येतायत."

घरी नवरा खुशीत. जूनपासून पुन्हा कंत्राट, साहेबांनी शब्द दिलाय. "या, अधिकारीणबाई!" म्हणून स्वतः चहा केला. चहा घेताना दोनदा खोकला. ठसका लागला म्हणाला. ठसकाच असेल. पण आता ह्यापुढे मी ह्याच्या प्रत्येक ठसक्याला घाबरणार, हे ठरलं.

सही केली तर नोकऱ्या राहतात. नाही केली तर बडबडी रस्त्यावर, हा रस्त्यावर, मीही. आणि प्रमाणपत्र घेऊन दुसरीकडे जाईन म्हटलं, तर पहिल्याच महिन्यात स्वतःची खोली बंद पाडणारी बाई कोणाला हवीय? सगळ्या बाजूंनी कोंडी. देवाला काही मागावं तर काय मागू तेच सुचत नाही.

४ मे

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. मोटारीचं नाटक, भट्टी, पंखा, सगळं बंद केलं. जंतुखोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि दारावर लिहून लावलं – धोका, प्रवेश बंद. खाली अधिकारी म्हणून सही. माझी पहिलीच.

साहेबांनी किल्ली मागायला नवऱ्यालाच पाठवलं. कितीतरी वेळ हात पसरून उभा होता. नाही दिली.