फेअरबँक्सला कायमचा मुक्काम

१४ ऑगस्ट, चँडलर
११४ डिग्री फॅरनहाइट. बस झालं हे ॲरिझोना. अलास्कात फेअरबँक्सला केबिन भाड्याने घेतली, काम रिमोट करून घेतलं. माझा पिंडच थंड हवेचा. बायकोचं, नेत्राचं म्हणणं, आधी एक हिवाळा काढून दाखव, मग हे घर विकू आणि दोघं कायमचे तिकडेच राहू. विकलं समजा.

३ ऑक्टोबर, फेअरबँक्स
केबिनमध्ये नळ नाही. इथे बऱ्याच केबिन अशाच. पाणी गावातून कॅन भरून आणायचं. संडास अंगणापलीकडे, साठ पावलांवर. मला हेच साधं जगणं हवं होतं. उद्यापासून रोज पहाटे सूर्यनमस्कार.

९ नोव्हेंबर
उणे बावीस. संडासात पोचून बसेपर्यंत तांब्यातल्या पाण्यावर बर्फाची साय. शेजारच्या डोरीनबाई, वय सत्तर, म्हणाल्या की कागद वापर, आणि फोमची सीट शेगडीजवळ ठेव, जाताना सोबत ने. त्यांना आपली संस्कृती समजावून सांगितली. उद्यापासून थर्मास.

१० नोव्हेंबर
थर्मासमधलं पाणी फार गरम निघालं. याहून जास्त लिहीत नाही.

११ नोव्हेंबर
दिवसभर काम उभ्याने. ऑफिसला सांगितलं, तब्येतीसाठी मुद्दाम करतोय.

१५ डिसेंबर
सूर्य अकराला उगवतो, पावणेतीनला मावळतो. मधल्या वेळात माझ्या मीटिंगा. सूर्यनमस्कार तूर्त स्थगित, यात माझा दोष नाही. नेत्राला सांगितलं, मजेत आहे. तिने विचारलं, मग काल फोनवर रडत का होतास? शेगडीचा धूर लागतो डोळ्यांना, दुसरं काय.

२३ डिसेंबर
नेत्रा आली. आठ दिवसांनी मला घेऊनच जाणार म्हणते. बिचारी. दोन दिवसांत पळेल.

३० डिसेंबर
डोरीनबाईंनी तिला लाकडं फोडायला शिकवलं. सीट खांद्याला अडकवून, गुणगुणत जाते संडासला. तिचंही काम लॅपटॉपवरच, त्यामुळे परतीचं तिकीट कॅन्सल केलं. माझं ठेवलंय. पाठ धरलीये, चँडलरच्या डॉक्टरला दाखवून लगेच परत. फार तर चार दिवस.

१२ जून, चँडलर
१११ डिग्री. पाठ अजून म्हणावी तशी नाही. नेत्राचा फोन होता. मी गेल्यापासून लाकडं निम्मीच लागली म्हणाली. आठवण येते तिला माझी. ठरल्याप्रमाणे हिवाळा काढून झाला, म्हणून तिने हे घर विकायला काढलंय. उद्या सकाळी दहा ते बाराच्या वेळात लोक बघायला येणार आहेत. एजंटने सांगितलंय, तेवढा वेळ मी बाहेर थांबायचं.