आईचा ळ

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. फोनवर तू विषय टाळतोस, म्हणून लिहिते आहे.

आईचं पत्र काल मिळालं. पहिल्यांदा वाचताना तिचंच अक्षर वाटलं. सुरुवातीला जाड, शेपटाकडे बारीक, कोरड्या ब्रशचे ओरखडे, जरा उतरती शिरोरेषा. पण 'काळजी नसावी' पाशी अडले.

तू तिच्या अक्षराचा फॉन्ट केलास, तेव्हा तिने सगळी अक्षरं रंगवून दिली आणि नेमका ळ विसरली. तो तू दोन भोपळे जोडून बसवलास. त्याचं पोट तुझ्यासारखंच सुटलंय, असं मीच चिडवलं होतं. पत्रातला प्रत्येक ळ तोच आहे.

इथे सलूनच्या काचेवर, बेकरीच्या खोक्यांवर तो फॉन्ट दिसला की आई जवळपास आहे असं वाटायचं. आज पाव आणायला गेले आणि खोकं बघून पाव न घेताच परत आले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणारी बाई लेकीला पत्र छापून का पाठवेल? फोन केला की ती झोपलेलीच कशी असते? ती आहे ना रे? खरं काय ते लिही.

जीव टांगणीला लावून बसलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आई आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

पाटी रंगवताना शिडीवरच तिचा उजवा हात लुळा पडला. कशीबशी उतरली. जीभही जड झाली आहे. पुन्हा झटका येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. तुला कळवायचं का विचारलं, तर तिने मानेनेच नको म्हटलं. एवढ्या लांब तुझ्या जिवाला घोर नको, हे तिचं नेहमीचंच.

म्हणून पत्र मी टाइप केलं. ताई, मला फार भीती वाटते. तिचा डोळा लागला की नाकापाशी हात धरून श्वास बघतो. तिच्या अक्षरात लिहीत होतो तेवढा वेळ ती बरी आहे असं वाटत होतं. माझी अक्कल तू जाणतेसच.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ळचं ऐकून तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसली आणि खुणेने ब्रश मागितला. डाव्या हाताने लिहायला अर्धी दुपार गेली. मला बघू दिलं नाही. कागद तसाच घडी घालून सोबत पाठवतो.

हवं तेवढं रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

(सोबतच्या कागदावर, ब्रशने, वाकड्यातिकड्या अक्षरांत)

बाळे,
ळ असा काढतात.
काळजी आहे. ये.