शेजारच्या लग्नात वाजंत्री नव्हती

काराकोल,
१९ जानेवारी १९९४

ती. सनोबर आपा हिस,
धाकट्याचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलंय, त्याला बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि रोज काहीतरी निघतं. एकदा शाई गोठली होती. हे खरं आहे, हसू नकोस. एकदा घरमालकीण गुलसुम आजी म्हणाली की आधी छपरावरचं बर्फ ओढ, नाहीतर दोघंही आतच गाडले जाऊ. बाकीच्या वेळी काय निघालं ते आता आठवत नाही. आळसच, दुसरं काय.

आई गेल्यावरचा चाळिसावा दिवस आटोपून मी मर्गिलानहून निघालो, तेव्हा तू बजावलं होतंस की आता वर्षभर या घरात गाणं नाही, तेव्हा तू तिकडे ऐक आणि काय ऐकलंस, का ऐकलंस ते मला लिही. काय ऐकलं ते सोपं आहे. का, ते अवघड.

इथल्या इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकतो. पाळी संपली तरी कानात भट्टी घोंघावत राहते. अशा कानांना खरं तर काहीच नको असतं. पण आजीकडे जुना प्लेअर आहे आणि तिची अट आहे. आधी तिच्या तातारी अकॉर्डियनची एक अख्खी बाजू, मग माझं. ती पहिल्याच गाण्यात डुलकी काढते. सुई उचलली रे उचलली की जागी होऊन विचारते की मध्येच का बंद केलंस.

त्यानंतर मी एका किरगीझ म्हाताऱ्याची रेकॉर्ड लावतो. तीन तारांचा कोमुझ, बस. गाणं नाही, ठेका नाही. मध्येच म्हातारा नाक ओढतो, तेही त्यात आलंय. भट्टीनंतर मला असंच काहीतरी चालतं, ज्यात वाजवणं कमी आणि मोकळी जागा जास्त. बाबा म्हणाले असते की हा अजून तारा जुळवतोय की सुरू झालाय ते सांगा. विचारून बघ त्यांना. नाही, नकोच विचारूस. विसरतोच मी.

ही रेकॉर्ड बाजारात मिळाली. इथली जर्मन, रशियन माणसं घरं विकून निघालीत आणि जाताना रेकॉर्ड्सच्या पेट्या बर्फावर मांडून बसतात. कुणी भाव करत नाही. एका बाईने मला सबंध पेटी दिली आणि रडायला लागली. मला वाटलं रेकॉर्ड्ससाठी रडतेय. मी समजूत घालायला गेलो, तर तिचा दात दुखत होता. मग मी पेटी डोक्यावर घेऊन तिला दाताच्या डॉक्टरपर्यंत सोडून आलो. त्यात अर्धा दिवस गेला. पत्र न लिहिण्याचं तेही एक कारण धर.

बाबा कसे आहेत? आत्या अजून मुक्काम ठोकून आहे का?

राग असेल तो पत्रात येऊ दे, माया आहे तेवढी तशीच राहू दे.
तुझा
नोदिर


मर्गिलान,
११ फेब्रुवारी १९९४

चि. नोदिर यास,
आपाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. शाईचं मी मानलं नाही, दातदुखीचं मानलं.

बाबा जेवतात, म्हणायला. सकाळी रंगाच्या कुंडांकडे जातात, रेशमाच्या लडी बुडवतात, काढतात, संध्याकाळी घरी येतात. पट्टा दोन भोकं आत गेलाय. आठवतं ना, पूर्वी उंबऱ्यातूनच विचारायचे की आज कुणाला ऐकायचं, आणि आई ओरडायची की आधी ते निळे हात धुवा, मग रेकॉर्ड्सच्या कपाटाला लावा. आता न सांगता हात धुतात आणि बसून राहतात. विचारलं तर हो, नाही, बरं. एवढ्यात दिवस निघतो.

आत्या आहे. वर्षाचं जेवण घालेपर्यंत इथून हलणार नाही म्हणते. प्लेअरवर चादर, आरशावर चादर, टीव्ही भिंतीकडे तोंड करून. बाबांचा पिंजऱ्यातला लावा पक्षीसुद्धा तिने शेजारी कोसिमजान काकांकडे पाठवून दिला, कारण तो पहाटे ओरडतो आणि तिच्या मते सुरात ओरडतो. मी हसले, तर म्हणाली की आई गेलेल्या पोरीने दात दाखवू नयेत. वाईट बाई नाही रे ती. रात्रंदिवस राबते. पण तिच्या डोक्यात एक वर्ष म्हणजे एक वर्ष.

मी काय ऐकते म्हणून विचारशील. आठवड्यातून एकदा कपाट उघडून रेकॉर्ड्सवरची धूळ पुसते. पुसायला आत्याची हरकत नाही. एकेक बाहेर काढायची, कव्हर पुढून मागून वाचायचं. परवा ख्वारझमच्या त्या गायिकेची काढली, आई तंदूरमध्ये रोट्या लावताना जिच्यासाठी हट्ट धरायची ती. उजेडात तिरपी धरली की तिसरं गाणं कुठे सुरू होतं ते दिसतं. दिसतं, एवढंच. मान वर केली तर बाबा दारात उभे. मी ती पुसून आत ठेवेपर्यंत तिथेच उभे राहिले.

आणखी एक, हे तुझ्यापाशीच ठेव. मी विणते त्या गिरणीत एका टोकाला रेडिओ असतो. मी विनवण्या करून त्या बाजूचा माग घेतलाय. मागांच्या खडखडाटात चार सूर कानावर येतात. मग घरी येऊन बाबांसमोर बसताना चोरून जेवून आल्यासारखं वाटतं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. आत्या म्हणाली की पत्रातून गाणं घरात आलेलं चालतं का, ते मुल्लांना विचारावं लागेल. बाबांनी मात्र नाक ओढणाऱ्या म्हाताऱ्याचं पुन्हा वाचायला सांगितलं. महिनाभरात ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. तेव्हा लिहीत जा आणि जरा नीट अक्षरात.

गळ्याला मफलर असू दे आणि आमची आठवण असू दे.
तुझी
सनोबर आपा


काराकोल,
६ मार्च १९९४

ती. आपास,
सलाम. वि. वि.

हे पत्र बाबांसाठी धर, म्हणून अक्षर बघ कसं काढलंय.

पेटीतल्या बाकीच्या रेकॉर्ड्स ऐकून झाल्या. एक चर्चमधला मोठा बाजा आहे. त्याने प्लेअरचं झाकण थरथरतं आणि गुलसुम आजी म्हणते की हे ऐकून मला माझ्या नवऱ्याची आई आठवते. पण मी सध्या रोज ऐकतो ती पक्ष्यांची रेकॉर्ड. खरंच, नुसते पक्षी. एक गृहस्थ गंभीर आवाजात नाव सांगतात, मग तो पक्षी ओरडतो. पुढचं नाव, पुढचा पक्षी. चंडोल आला की आजीचं मांजर प्लेअरवर चढतं.

का ऐकतो ते सांगतो. मी गेल्या वर्षभरात तीन गावं बदलली आणि प्रत्येक ठिकाणची गाणी त्या त्या गावाला चिकटून राहिली. ऐकलं की तिथली खोली आठवते, तिथलं भांडण आठवतं. पक्षी कुठल्याच खोलीचे नसतात. हे लिहिताना मला शहाणपणाचं वाटलं होतं, आता वाचताना तसं वाटत नाही. पण खोडलं तर अक्षर बिघडेल.

बाबांना हीच पाठवू का? गाणं नाही, वाद्य नाही. आत्याला काय म्हणता येईल? पण तिने लाव्यालासुद्धा घराबाहेर काढलं, म्हणजे काहीतरी म्हणेलच.

बॉयलर एप्रिलअखेर बंद होतो. इथला एक मधमाश्यावाला ट्रकभर पेट्या घेऊन उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जातो, त्याला माणूस हवाय. बघू. मला एका जागी बसलं की थकायला होतं आणि हललं की आणखी थकायला होतं. आजी म्हणते की तुला जंत झालेत.

बाबांना सलाम, आत्याला दुरून सलाम, आणि तुला जेवढं मागशील तेवढं.
नोदिर


मर्गिलान,
२० एप्रिल १९९४

चि. नोदिर यास,
आशीर्वाद.

पक्षी पाठवू नकोस. सांगायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते नीट वाच.

कोसिमजान काकांच्या मुलाचं लग्न होतं. भिंतीला भिंत लागून घर, आणि आपल्याकडे दुखवटा. म्हणून रीतीप्रमाणे काका दोन वडीलधाऱ्यांना घेऊन बाबांची परवानगी मागायला आले. मान खाली घालून म्हणाले की वाजंत्री आणू की नको ते तुम्ही सांगा, तुम्ही नको म्हणालात तर मुकाट लग्न लावू. आत्या आतून खोकली. बाबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. म्हणाले की आणा, कर्णे आणा, डफ आणा, सनई आणा, पोराचं लग्न आहे. काका त्यांच्या हाताला डोळे लावून गेले. आत्याने दोन दिवस अबोला धरला.

लग्नाच्या दिवशी बाबांनी सकाळी दाढी केली. आईने शिवलेला पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा घातला. मला म्हणाले की अंगणातली बाज जरा शेजारच्या भिंतीकडे सरकव, तिकडे सावली चांगली असते. तिकडे सावली नसते, तुला माहीत आहे. मी सरकवली. चहा दिला. ते बसले. दुपार झाली, ऊन अंगावर आलं, तरी उठले नाहीत. भिंतीपलीकडे माणसांची ये-जा ऐकू येत होती, भांडी ऐकू येत होती, तेलाचा वास येत होता. कर्णे नाहीत, डफ नाही. मी दुसऱ्यांदा चहा दिला, तोही गार झाला.

दिवस मावळताना काका स्वतः पुलावाचं ताट घेऊन आले. चेहरा समाधानाने फुललेला. सांगत होते की तुम्ही मोठ्या मनाने हो म्हणालात, पण आम्हाला का कळत नाही? वहिनींचं वर्ष सरलेलं नसताना तुमच्या कानांवर वाजंत्री घालू? सगळी वाजंत्री गावाच्या त्या टोकाला गिरणीच्या हॉलमध्ये नेली. एक सूर तरी आला का तुमच्या घरात, सांगा. बाबांनी छातीवर हात ठेवला, वर-वधूसाठी दुआ केली, ताट घेतलं. काका गेल्यावर ते ताट बाजेवर ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आत्या म्हणाली, बघ, केवढा मान देतात लोक.

नोदिर, या गल्लीत सगळे इतके चांगले आहेत की बाबा त्याने संपून जातील. मी चादर ओढून प्लेअर लावू शकत नाही. लावला तर उद्या बायका म्हणतील की पोरीला आईचं वर्षही जड झालं, आणि बाबाच तो बंद करतील. ते स्वतः कधी मागणार नाहीत. तू ये आणि त्यांना महिनाभर तुझ्याकडे घेऊन जा. मुलाकडे गेले तर कुणी काही म्हणत नाही. तिथे आईला कुणी ओळखत नाही, म्हणजे तिच्यासाठी गप्प बसणारंही कुणी नाही. त्यांना एकट्याला पाठवायचं म्हटलं तर ते आयुष्यात कोकंदच्या पुढे गेलेले नाहीत.

मी आता थकले आहे. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

माया आहे, पण या खेपेला पत्रापेक्षा तूच ये.
सनोबर


काराकोल,
१७ मे १९९४

ती. आपास,
सलाम.

तुझं पत्र उशाखाली आहे. इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं. उत्तर दिलं नाही कारण उत्तर नव्हतं, आणि आता आहे ते तुला आवडणार नाही.

मी येत नाहीये. कारणं लिहायला बसलो होतो. रस्ता खचलाय, मधमाश्यावाल्याला शब्द दिलाय, खोली एकाचीच आहे. सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण नाही. मला ते अंगण नको वाटतं. तंदूरपाशी आई नसेल, आत्या म्हणेल की आलास का, बस, आणि बाबा माझ्याकडे बघतील. मग मी त्यांना तिथून कसं उठवू? काय म्हणू? गाणं ऐकायला चला? ते नाही म्हणतील. एकदा नाही म्हणाले की झालं, मग तुलाही कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी काही ऐकलं नाही. सुई टेकवायला गेलो की बाबा उन्हात बसलेले दिसतात. रेकॉर्ड्स पेटीत भरल्या. आजीने विचारलं की तुझं कोण वारलं. मी सांगितलं की वारून बरेच महिने झाले. तिने अकॉर्डियनसुद्धा लावायला सांगितलं नाही त्या दिवशी.

उद्या सकाळी ट्रक निघतो. वर पोस्ट नाही, तेव्हा शरदापर्यंत पत्र पाठवू नकोस. वर्षाच्या जेवणाला येईन. येईन म्हणतोय, तू त्यावर भांडी काढून ठेवू नकोस.

बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव. मला शिव्या दे, पण टाकू नकोस.
नोदिर

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात गुलसुम आजी वर आली. म्हणाली की फाटकाशी एक म्हातारा उभा आहे, डोक्यावर उझबेकी टोपी, कोकंदला चुलतभावाकडे म्हणून निघालो होतो, बस बदलत बदलत इथवर आलो म्हणतो. तुझं नाव घेतो, पण काही केल्या आत येत नाही. आधी तिलाच विचारत होता की या घरात कुणाचा दुखवटा तर नाही ना. आजीने सांगितलं की माझी सगळी माणसं केव्हाच जाऊन संपली, आता दुखवटा धरायला मी एकटी आहे आणि मला कंटाळा आलाय, ये आत.

मी खिडकीतून बघतोय. बाबा पायरीवर बसून बूट काढताहेत.