तुझ्या वाटणीची रोवणी

प्रिय सुगंधा,

सव्वीस वर्षांत तुला कधी नावाने हाक मारली नाही, आज कागदावर मारून पाहिली. बरं वाटलं. उर्वशी बाजूला बसून हसत होती. म्हणे, बाबा, 'उर्वशीची माय' असंच लिहा, नाहीतर पत्र कोणाचं आहे ते आईला कळायचं नाही. तिला चहा ठेवायला पाठवलं आणि दार लोटून लिहायला बसलो. काल नागपूरहून बापूरावभाऊंचा फोन आला होता. तू थैली भरून ठेवलीस म्हणे. रविवारी धानाच्या रोवणीसाठी गावाकडे निघते आणि दवाखान्यातले उरलेले मशीनचे शेक पोळा झाल्यावर पाहू, असं त्यांच्या घरात परस्पर जाहीर करून टाकलंस. पंचवीसपैकी नऊच झालेत. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की गाठ काढली, डोस झाले, तरी शेक मधेच सोडले तर केलेल्यावर पाणी पडेल. हे तुलाही माहीत आहे. मी फोनवर हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. त्याबद्दल बोलतोच, पण आधी घरच्या बातम्या ऐक, कारण दोन दिवसांपासून त्या माझ्या पोटात मावत नाहीत.

तू फागुनात नागपूरला गेलीस तेव्हा उर्वशीची बारावीची परीक्षा होती, म्हणून चूल माझ्याकडे आली. भात खाणाऱ्या घरात जन्मलो, पण तांदळाला पाणी किती घालायचं ते मला ठाऊक नव्हतं. पहिले आठ दिवस आम्ही पेजच प्यायलो. पोरगी फक्त लोणचं जास्त घ्यायला लागली. आता माझा भात दाणा न दाणा मोकळा होतो. अंबाडीची भाजी तुझ्यापेक्षा चांगली जमते, असं उर्वशीचं मत आहे, मी फक्त तुझ्या कानावर घातलं.

चैतात मोहाची फुलं पडायला लागली. वाघ फिरतो आहे, एकट्याने जाऊ नका, अशी दवंडी झाली होती, म्हणून मी बायनाबाईच्या टोळीसोबत निघालो. पंधरा वर्षं तू जिच्या शेजारी वाकून रोवणी केलीस तीच ही बायनाबाई, पण तिची जीभ एवढी चालते हे मला कुठे माहीत होतं. सहा बाया आणि एकटा मी. त्यांनी माझ्यासमोर गावातल्या एकेका नवऱ्याची सालं काढली. मी मान खाली घालून फुलं वेचत राहिलो. शेवटी माझी पाळी आली तेव्हा बायनाबाई म्हणाली, "याचं काई नोका सांगू, सुगंधानं सारं सांगून ठेवलं हाय." काय सांगितलंस ते आल्यावर मला सांगावं लागेल.

वैशाखातलं एक लिहायचं राहून जाईल म्हणून आताच लिहितो. तिसऱ्या डोसाला मी नागपूरला आलो होतो. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदर डोक्यावरून मागे सारलास. केस गेलेले मला दाखवायचे होते तुला. आणि मी मात्र, आपल्या म्हशीला वगार झाली, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, हेच सांगत बसलो. तू पदर परत घेतलास आणि वगारीचं नाव काय ठेवलं विचारलंस. सुगंधा, मी पाहिलं होतं. तू मला तशीच चांगली दिसलीस, पण तोंड उघडलं असतं तर बापूरावभाऊंच्या घरात सगळ्यांसमोर रडलो असतो. ते काम मी बसमध्ये केलं. वरोरा आलं तेव्हा बाजूच्या माणसाने कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही गेलं, सगळे आहेत.

आता माझ्या गुन्ह्याचं ऐक. तो तुझ्यापासून दोन महिने लपवला आहे. धान साठवायच्या ढोलीत हात घरच्या बाईनेच घालायचा, हे आपल्याकडे माझ्या आईपासून चालत आलेलं. त्यामुळे कोठ्यातल्या तीन ढोल्यांपैकी कशात काय असतं, ते मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. घरातला तांदूळ संपला तशी मी भिंतीकडच्या लहान ढोलीतून दोन पोती धान काढलं, मूल गावातल्या मिलमधून भरडून आणलं आणि आम्ही बापलेक महिनाभर मिटक्या मारत जेवलो. काय तो भात, सुगंधा. शेजारी वाटी वाटी पाठवला. मिरगाच्या तोंडावर बायनाबाई अंगणात आली. "लटारूभाऊ, बिजाई काढली का नाई?" मी तिला आत नेऊन ढोली दाखवली. तिने खाली वाकून तळाचे चार दाणे उचलले, चोळले आणि माझ्या हातावर ठेवले. "हे तं सुगंधाच्या मायच्या घरची लुचई व्हय गा. तुमी घरची बिजाईच खाल्ली."

ज्या बियाण्यासाठी तू दरवर्षी एकेक लोंबी निवडून ठेवतेस, ते मी खाऊन वर ढेकर दिला होता. गावात कोणाकडे लुचईचं जुनं वाण उरलं नाही, सगळे दुकानातली बियाण्याची पिशवी आणतात. तुला विचारावं तर तुझा पाचवा डोस दोन दिवसांवर आला होता. मग उर्वशीनेच आठवण काढली, की आजी, म्हणजे तुझी माय, लुचईची बिजाई एटापल्लीकडच्या बुधरीसोबत बदलत असे. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. तीन गाड्या बदलल्या, शेवटचे दोन कोस पायी गेलो. बुधरी म्हातारी झाली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण तुझं नाव घेताच उठून बसली. मी सगळं कबूल केलं. ती इतकी हसली की तिची सून बाहेर आली. मी पैसे काढले तर हात मागे घेतला, बिजाई विकत नसतात म्हणे. तू कशी आहेस विचारलं. मी सांगितलं. ती उठली, स्वतः मोजून बिजाई दिली आणि म्हणाली, "परत द्याले तू नोको येजो. तिले पाठवजो." मी हो म्हणून आलो. गाठोडं बसमध्ये मांडीवर घेतलं होतं, वर टपावर टाकायला कंडक्टरने दोनदा सांगितलं तरी दिलं नाही.

आणि काय पऱ्हे आले यंदा, एकेक रोप हिरवंगार. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी नुसता पाहायला जात होतो. उर्वशी म्हणे, बाबा, तुम्ही माझ्या निकालाला पण एवढे खूश नव्हते. (ती बहात्तर टक्क्यांनी पास झाली हे फोनवर सांगितलंच, पण परत वाच.) पाऊस लांबला, बोडीच्या तळ्यातलं पाणी आटत चाललं, तेव्हा मात्र माझी झोप उडाली होती. मग मागच्या आठवड्यात धरला तो असा धरला की शेतातल्या बांध्या काठोकाठ भरल्या. चिखलणी मी दोन दिवसांत उरकली.

सोमवारी सकाळी बायनाबाई टोळी घेऊन हजर. मी बोलावलं नव्हतं. दरवर्षी आपली पाळी चौथी असते, यंदा सगळ्यांनी मिळून पहिली आपली लावली. नऊ बाया रांगेत उभ्या राहिल्या, मी धुऱ्याच्या बांधावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकत होतो. दहा-बारा पावलं मागे सरकल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की रांगेत मधेच जागा सुटते आहे. बायनाबाईच्या उजव्या हाताला, तू उभी राहतेस तिथे. दोन्ही बाजूंना हिरवं आणि मधून हातभर रुंदीची चिखलाची वाट, बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं चुकलं असेल. दुसऱ्या बांधीतही तेच. मी ओरडलो, बायनाबाई, मधलं राहून राह्यलं. ती वर न पाहता म्हणाली, "थे जागा सुगंधाची हाय. आमी नाई भरत. थे येईन आन् भरन."

दुपारपर्यंत पाचही बांध्या तशाच झाल्या. बाया धुऱ्यावर जेवायला बसल्या आणि मी त्या पाच वाटा पाहत उभा राहिलो. मला कळत होतं की त्यांनी हे मायेने केलं आहे. पण हेही कळत होतं, की हे तुझ्या कानावर गेलं तर तू रविवारची वाट न पाहता त्याच रात्री निघशील. मग मी पॅन्ट गुडघ्यावर चढवली आणि तुझ्या जागेवर उतरलो. आपल्याकडे माणूस रोवणीच्या रांगेत उतरलेला कोणी पाहिला आहे का? बाया घास हातात धरून बघत राहिल्या, मग एकदम हसायला लागल्या. बायांना पाणी द्यायला आलेला मिथुन पाटील धुऱ्यावरून म्हणाला, "भाऊ, लुगडं आणून देऊ का?" मी म्हटलं, दे, नऊवारीच आण. बायनाबाई हात न धुता आली, माझ्या बाजूला उभी राहिली आणि चार काड्या कशा धरायच्या, अंगठा किती दाबायचा ते दाखवलं. तिचे डोळे भरले होते, पण तोंड चालूच होतं. पाच बांध्यांतली तुझी जागा भरायला मला मंगळवारची संध्याकाळ झाली. ओळ वाकडीतिकडी आली आहे, काही काड्या तरंगल्या त्या परत लावल्या. कमरेचं विचारू नको. उर्वशीने तेल लावून दिलं तेव्हा उठता आलं. रोवणी संपली, सुगंधा. घरची रोवणी तुझ्याशिवाय संपली, पण तुझी जागा दुसऱ्या कोणा बाईने भरली नाही.

हे सगळं मी फोनवर का नाही सांगितलं? बापूरावभाऊंशी बोलताना मी चूप का राहिलो? कारण त्यांच्या मागून तुझा आवाज येत होता. तू फोन घेतला असतास आणि नुसतं 'येऊ का' म्हटलं असतंस, तर माझ्या तोंडून 'ये' निघालं असतं. सहा महिने झाले, रोज जेवायला बसताना मला हा एकच शब्द म्हणायचा असतो. म्हणून कागद घेतला, कागदाला तू उलट विचारू शकत नाहीस. येऊ नको. सोळा शेक राहिले आहेत, सोळाही घे. हे पत्र घेऊन उर्वशी उद्या पहिल्या गाडीने निघते आहे, ती शेवटच्या शेकापर्यंत तुझ्याजवळ राहील आणि आल्या आल्या ती थैली रिकामी करेल, तसं मी तिला बजावलं आहे. माझी काळजी करू नको, मला भात येतो. मला यंदाच्या रोवणीला तू नको आहेस. मला तू म्हातारपणी पाहिजेस.

तुझाच,
लटारू