सांध्यावर सांधा

यवत, शुक्रवार

प्रिय रोहिदास,

तू सांगितलेलं काम झालं. खोक्यासोबत हे पत्र पाठवतोय. आधी पत्र वाच, खोका कुठं पळून जात नाही. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. आणि माझ्या कानांची खोड तुला माहीत आहे. समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या मागचंच जास्त ऐकू येतं. परवा तू पुण्यात मीटिंगला आहे म्हणालास आणि तुझ्या मागं दौंडचं स्टेशन बोलत होतं. मीटिंग दौंडातही असू शकते.

माझं बरं चाललंय. शिरूरच्या एका मंडळाला किल्ल्याचा दरवाजा करून दिला, बारा फुटी. लोक जवळ येऊन बोट लावून बघत होते, खरी वीट आहे का म्हणून. एक आजोबा तर म्हणाले, "आरं, ही इट कुठल्या भट्टीची म्हणायची?" मी म्हणालो, आजोबा, यवतच्या स्टेशनरीच्या दुकानातली. पाठीवर टाकली तर पोरगं उचलून नेईल एवढी माझी भिंत हलकी. फोमबोर्डचा वरचा कागद ओला करून सोलायचा, संपलेल्या रिफिलीनं आधी आडव्या रेघा दाबायच्या, मग उभ्या. चुरगळलेली चांदी, आपली डब्यात पोळी गुंडाळतात ती, ती दाबली की विटेला खरखरीतपणा येतो. मग गेरूचा हात, आणि शेवटी पुट्टीचं पातळ पाणी, म्हणजे सांधे पांढरे होतात. पातं बोथट झालं की फोम चिरकतो, ते डोळ्यांआधी मला कानानं कळतं. मी उभारलेली भिंत विसर्जनापर्यंत टिकली की लोक टाळ्या वाजवतात. तुझ्या भिंतींकडून लोकांची अपेक्षा जरा जास्त असते.

रेघा मारताना अजून आप्पाच आठवतात. कासुर्डीच्या त्या पहिल्या कामावर आपण दोघं बिगारी होतो आणि मल्हारीआप्पा मिस्त्री आपले गुरू. त्यांच्या घराण्यात सगळे मेंढरांमागं हिंडलेले, हातात थापी धरणारे हे पहिलेच. त्यामुळं माप शिकवायला त्यांच्याकडं पुस्तक नव्हतं, मूठ होती. नव्या थराला सुरुवात करताना मूठ पालथी ठेवायची आणि तेवढं पुढं सरकायचं. मुठीएवढी रुंदी म्हणजे अर्धी वीट. "खालच्या सांध्यावर वरची इट आली पायजे. सांध्यावर सांधा आला की ती भित न्हाई, ती नुसती थप्पी." तुझा सांधा एकदा चुकला होता, तेव्हा त्यांनी सगळा थर तुझ्याच हातानं उतरवला होता आणि वर म्हणाले होते, "रोहिदासा, पत्त्याचा बंगला घरी बांध." जेवणाच्या सुट्टीत तू रडत होतास आणि मी तुला माझ्यातली भाकरी दिली होती. आठवतं का? नसेल. भाकरी देणाऱ्यालाच आठवते.

मला आठवतं तेही लिहितो, म्हणजे हिशेब एकतर्फी नको. मी परांचीवरून पडलो तेव्हा बाकीचे गाडी शोधत होते. तू मला पाठीवर घेतलंस आणि हायवेपर्यंत पळालास. वाटेभर शिव्या देत होतास मला, "मर आता, मर, लई जड झालायस." माझा पाय वाकडा राहिला, पण राहिला. त्या पायानं वर चढता येईना म्हणून मी खाली बसून भिंती कोरायला लागलो. आज जे काही दोन घास आहेत ते तुझ्या त्या धावण्यातनं आलेत, हे मी माझ्या बायकोलाही सांगतो, गिऱ्हाइकालाही सांगतो. म्हणून तर हे पत्र इतकं लांबतंय.

आता वडगाव रासाईकडं वळू. मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीचं तुझं कंत्राट चालू होतं तेव्हा मी आप्पांना भेटायला आलो होतो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी तू त्यांना कामावर घेतलं होतंस. मला वाटलं, रोहिदासनं जुनी ओळख ठेवली. ते मुठीनं माप घेत होते आणि प्रत्येक विटेवर थापीचा दांडा दोनदा वाजवत होते, टक टक. पक्की वीट कशी बोलते आणि कच्ची कशी, हे ऐकून ते कच्ची बाजूला काढत होते. मी तुझ्या गाडीपाशी चहा पीत बसलो होतो, लांब, म्हणून तुला वाटलं मला ऐकू येत नाही. आप्पा म्हणाले, "रोहिदास, भित लांबलचक हाय. नकाशात पिल्लर दावल्यात. हितं एक आन् तितं एक पायजेच." आणि तू म्हणालास, "आप्पा, तुमाला दिसतंय का तरी हितं कुठं न् तितं कुठं?" बिगारी हसले. आप्पाही हसले, मग खाली बघून पुढची वीट लावली. त्याच संध्याकाळी यवतला आपण वडापाव खाल्ला, तेव्हा मी तुला पिलरचं बोललो. तू म्हणालास, "हौशीराम, तुझ्या फोमच्या भितीला असत्यात का पिल्लर? मग गप वडा खा." मी वडा खाल्ला. तिखट होता.

वळवाच्या वाऱ्यात ती भिंत गेली. पलीकडं सावलीला गीताबाई झेंडू निवडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या माळा करायच्या होत्या. त्यांच्या अंगावरून विटा काढणाऱ्या लोकांनी सांगितलं की बाई गेल्या, पण हातातला दोरा तसाच होता. सकाळ उजाडायच्या आत तुझा जेसीबी आला आणि मोडकी भिंत उचलून कुठल्याशा पाणंदीच्या भरावात गेली. तू घाईचा माणूस खरा, पण इतकी घाई मी तुझी फक्त एकदाच बघितली होती, मला पाठीवर घेतलंस तेव्हा.

मग तुझा तो व्हॉइस मेसेज. चौकशीला साहेब येणार, त्यांच्यापुढं भिंतीचं मॉडेल ठेवायचं, हुबेहूब दिसलं पाहिजे. इथपर्यंत ठीक. पुढं म्हणालास, सांध्यावर सांधा कोर, वरपासून खालपर्यंत उभी सरळ रेघ. साहेबांना सांगायचं, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, त्यानं असंच बांधलं, पोटापायी ठेवला होता, आमच्या लक्षात आलं नाही. शेवटी हसून म्हणालास, "तुला सोपंच हाय की, मोजायचं काम न्हाई." मी तो मेसेज परत परत ऐकला. तुझ्या मागं गाडीचा इंडिकेटर वाजत होता. गाडी कुठंतरी वळणावर थांबवून तू हे बोललास. म्हणजे बोलायच्या आधी जरा थांबला होतास, एवढं मी तुझ्या बाजूनं धरलं.

दोनदा पोलिसांनी आप्पांना बोलावलं. दुसऱ्यांदा मी बरोबर गेलो. त्यांना विचारलं, "बाबा, दिसतं का तुम्हाला?" ते म्हणाले, "कमी दिसतं, साहेब." एवढंच लिहून घेतलं. घरी आल्यापासून ते बाजेवर बसून असतात आणि बाजेच्या कडेवर मूठ पालथी टाकत पुढं पुढं सरकवतात, शेवटाला गेली की पुन्हा अलीकडून सुरुवात. त्यांची बायको रंगुबाई म्हणाली, "जेवतानाबी हात थांबत न्हाई त्यांचा. इचारलं तर म्हणत्यात, चुकलं का कुठं, ते बघतोय." रोहिदास, तू गुन्हा त्यांच्यावर टाकलास हे एक वेळ मी समजू शकतो, तू भ्यालास. पण आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं त्या माणसाला आता स्वतःलाच वाटायला लागलंय.

तर खोका उघड. त्यात तुझ्या मापाचं मॉडेल आहे, सांध्यावर सांधा, तू म्हणालास तसंच. दोन तुकडे झालेत, पण ते मी केले नाहीत. कोरून झाल्यावर रंगवायला उचललं आणि उभ्या रेघेवर काडकन् मोडलं. फोम आहे रे, बिनवजनाचा, त्यालाही तसं उभं राहता आलं नाही. आप्पांनी असं बांधलं असतं, तर वाऱ्याची वाट बघत ती भिंत थांबलीच नसती. दुसरं मॉडेल माझ्याकडं आहे, मुठीचं माप धरून केलेलं. माझ्या भाचीचं लग्न त्याच कार्यालयात झालं होतं, त्यातला फोटो मोठा करून आणला. मागं हात धुणारी माणसं, त्यांच्यामागं तुझी बिनगिलाव्याची भिंत, सांधे एकाआड एक, आणि पिलरच्या जागा मोकळ्या. जसंच्या तसं कोरलंय. सोमवारी मी आप्पांना टेम्पोत घालून चौकशीला घेऊन चाललोय. हे पत्र तुला भीती घालायला लिहिलेलं नाही. तू मला पाठीवर घेऊन पळाला होतास, त्याचे दोन दिवस तुला देतोय. उद्या किंवा परवा कासुर्डीला जा, त्यांच्या बाजेवर बस, तो हात धर आणि पिलरचं तुझ्या तोंडानं सांग, आधी त्यांना, मग साहेबांना. तसं केलंस तर माझी भिंत टेम्पोतच राहील. नाहीतर सोमवारी आधी ती आत जाईल आणि तिच्यामागून मी लंगडत येईन.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
हौशीराम