धूर कुठे जातो

बाबा,

आज सकाळी देवापुढे उदबत्ती लावली आणि उरलेला पुडा खिशात घालून मी शहापुरातल्या त्या इमारतीत गेलो. झोपड्या उठवून तिथल्याच लोकांसाठी बांधलेली, वर तीन मजले असलेली, तुम्ही एकदाच पाहिलेली. तेव्हा तिला गिलावाही नव्हता. आता बारा वर्षं माणसं राहतात. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीचं दार वाजवलं, एका बाईंनी उघडलं. दहा वाजले होते तरी आत दिवा जळत होता. स्टोव्हवर भाकरी, भिंती छतापर्यंत काळ्या, कोपऱ्यात ओल. मी म्हटलं, "एक उदबत्ती लावून बघू का?" बाई हसल्या. "लावा की. पन आमच्याकडं देव पन खोकतो, साहेब."

मी जाण्याचं कारण असं, की गेल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी याच इमारतीचा जुना नकाशा पुन्हा माझ्यापुढे टाकला. शेजारच्या जागेवर आणखी दोन बांधायच्या आहेत. "काही करू नकोस, फक्त वरचं नाव बदल," म्हणाले.

तुम्ही आपल्या वैशाखरे गावाच्या आसपास कुडाची घरं बांधायचात. कारवीच्या काठ्या उभ्या केल्या, की शेणमातीनं लिंपण्याआधी घरच्या बाईला चुलीच्या जागी बसवून ओला पाला पेटवायला लावायचात. धूर कुठून वाट काढतो ते बघून मगच झरोक्याची जागा ठरायची. घरमालक घाई करायला लागला तर तुमचं ठरलेलं उत्तर, "तू इथं दोन घटका बसनार. ती जलमभर." मी शाळेतून येऊन हे कितीदा पाहिलं असेल.

आणि तरी. गावच्या शाळेतून निघून मी ड्राफ्ट्समन झालो, साहेबांच्या ऑफिसात लागलो. ही इमारत पहिल्यांदा काढली तेव्हा मधोमध आभाळापर्यंत उघडा चौक होता आणि प्रत्येक घराची एक खिडकी त्यात उघडत होती. साहेब म्हणाले, "चौकात काय भात लावायचाय? मजल्यावर दोन खोल्या वाढव." माणसं जास्त आणि जागा थोडी, हे खोटं नव्हतं. मी ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडली. चौकाची बोळ झाली, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. हवा कुठून येईल, हे विचारायला तोंड उघडलं नाही.

मग मुरबाडचा बाजार सोडून तुम्ही पोराचं काम बघायला आलात. आतल्या खोलीत चुलीच्या जागी उकिडवे बसलात, खिशातली उदबत्ती पेटवलीत. धूर सरळ वर जातो, छताला लागतो आणि तिथंच साचतो. "खिडकी हाय, पन वारा नाय," तुम्ही हळूच म्हणता. "धूर कुठं जायाचा रे?" तेवढ्यात साहेब दारात आले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. "वडील पूजा करतायत?" त्यांच्यापुढे तुमचं ते बसणं, ते धोतर, मला कसंनुसं झालं. मी म्हणालो, "हो साहेब. जुनी माणसं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्हीही हात जोडलेत.

बाहेर आल्यावर मी उलट तुम्हालाच सुनावलं, "आता चुली जाणार, बाबा, गॅस येणार. तुम्हाला यातलं काय कळतं?" एसटी आली. चढताना एवढंच म्हणालात, "भाकर खाऊन घे." वर्षाच्या आत तुम्ही गेलात. रोज देवापुढे बसतो, डोळे मिटले की ते जोडलेले हात दिसतात.

आज धूर तिथंच साचला. बाई म्हणाल्या, "धाकटीला घेऊन दारातच झोपते मी. आत दम लागतो तिला." नकाशा कुणी काढला हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते सांगायचं धैर्य मला आजही झालं नाही. हे पत्र तरी कुठं टाकणार? जुन्या ट्रेसिंगच्या गुंडाळीत ठेवून देईन.

पण तिथून सरळ ऑफिसात गेलो. चार दिवस पिशवीत घेऊन फिरत होतो तो नवा नकाशा टेबलावर पसरला. चौक उघडा, मजल्यावर दोन खोल्या कमी, त्या भरून काढायला वर एक मजला. साहेबांनी चष्मा लावला. "जुन्यात काय वाईट होतं रे? बारा वर्षांत एक तक्रार नाही आली."

"तक्रार बांधकाम चालू असतानाच आली होती, साहेब," मी म्हणालो. "तुम्ही चपला काढून हात जोडलेत, त्या दिवशी. ती पूजा नव्हती. माझे वडील धूर बघत होते."